माझ्या नावानं नेलेली झाडं

तुमच्या घरातलं एखादं जिवंत झाड कुणी "अमकीनं मागितलंय" एवढंच सांगून नेलं आणि ते परत आलं नाही, तर तुम्ही राग कुणावर धराल? नेणारीवर, की जिचं नाव सांगितलं तिच्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. आमच्या गल्लीनं आपलं उत्तर दिलेलं आहे. ते मला कुणी तोंडावर सांगत नाही. मी नळावर गेले की बायकांचं बोलणं थांबतं, एवढंच.

आमची गल्ली अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडे आहे. एक खोली, एक स्वयंपाकघर, दार थेट रस्त्यावर आणि मागची भिंत मागच्या घराची. निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, उरलेल्या घरांत मराठी आणि दखनी, आणि भांडताना सगळ्यांना सगळं येतं. गॅलरी कुणाला नाही, अंगण कुणाला नाही. पायरीवर तेलाच्या डब्यात तुळस ठेवली की ती कुणाच्या तरी मोटारसायकलच्या चाकाखाली जाते.

या गल्लीत वस्तू नावावर फिरतात. कुकर, शिलाईची कात्री, पाहुणे आले की गादी, लग्नाला जायचं असलं की गळ्यातलंसुद्धा. कुणीतरी दारात येतं आणि म्हणतं, अमकीनं मागितलंय. की लगेच द्यायचं. खरंच मागितलंय का, असं विचारणं म्हणजे दोघींचा अपमान, आलेलीचाही आणि मागणारीचाही. माझ्या आईनं एकदा आपली नवी चादर अशीच दिली. कुणी नेली ते तिला आठवत नव्हतं, कुणाच्या नावानं नेली ते मात्र आठवत होतं, आणि चादर धुऊन, घडी घालून परत आली. गल्लीत कुलपं आहेत, पण गल्ली चालायची ती या भरवशावर.

मी पत्रकांवर वाढले. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि संध्याकाळी कामगारांच्या सभांची पत्रकं लिहायचे. छापखान्यातून आलेले गठ्ठे आमच्या खाटेखाली असायचे. चुकीची छपाई झालेल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली, आणि कागद उलटा केला की मजुरी, बोनस, आठ तास हे शब्द वाचायला मिळायचे. गोष्टीची पुस्तकं नंतर आली. वडिलांचा एक नियम होता: बिननावी पत्रक काढायचं नाही. जो लिहितो त्यानं खाली नाव घालावं आणि नाव घातलं की दारात जाब विचारायला येईल त्याला आत बसवून उत्तर द्यावं. मालकाची माणसं आली तेव्हा वडिलांनी त्यांना चहा देऊन उत्तर दिलेलं मी पाहिलंय. त्यामुळे नाव ही माझ्यासाठी कधी साधी गोष्ट नव्हती.

ती मला कॉलेजात भेटली. तिचं घर बंगल्यांच्या वस्तीत, वडील नोकरीत मोठ्या हुद्द्यावर. तरी ती आमच्या घरी यायची, भुईवर बसून जेवायची, आईच्या हातची शेंगाचटणी कागदात बांधून न्यायची. आईला ती "काकू" म्हणायची आणि माझ्या वडिलांशी वाद घालायची, तोही मनापासून. गल्लीतल्या बायका तिला ओळखू लागल्या ते माझी मैत्रीण म्हणून. तिचं नाव फार कुणी घेत नव्हतं. "तुमची ती गोरी" म्हणायचे.

कॉलेज संपल्यावर ती एका मुलाखतीसाठी बेंगळुरूला गेली आणि येताना जेवणाच्या डब्यात तीन झाडं घेऊन आली. मुठीत मावतील एवढी. अननसाच्या शेंड्यासारखी टोकदार पानं, पण राखाडी हिरवी आणि खरखरीत. खाली मुळांच्या नावाला चार तारा. तिनं ती तिन्ही आमच्या जेवणाच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, यांना माती लागत नाही. ही हवेतच वाढतात.

आईनं एक झाड उचलून उलटसुलट पाहिलं. "बांडगूळ हाय का गं हे?"

नव्हतं. बांडगूळ दुसऱ्या झाडाचा रस पितं. हे झाड नुसतं धरून बसतं, फांदीला नाहीतर दगडाला, आणि पानांनीच हवेतला ओलावा घेतं. वडिलांना ही गोष्ट फार आवडली. कुणाला धरून राहायचं पण कुणाचं शोषण करायचं नाही, असं काहीतरी ते बोलले आणि आम्ही दोघी हसलो.

तिन्हींपैकी एक आम्ही पहिल्याच महिन्यात मारलं. मारलं ते प्रेमानं. घरातलं सगळ्यांत चांगलं पाणी म्हणजे तांब्याच्या कळशीतलं, म्हणून आई रोज सकाळी त्यातलं ओंजळभर झाडांवर शिंपडायची. एक झाड मधूनच तपकिरी झालं आणि हात लावला तर कांद्यासारखी पानं सुटून आली. मैत्रिणीनं शोधून काढलं की या झाडांना तांबं सोसत नाही. सगळं पानांनीच पितात, त्यामुळे तांबंही पितात. आई दुखावली. "आमी पितो ते पाणी त्याला इख व्हय?" म्हणाली, आणि आठवडाभर त्या झाडांकडे बघितलं नाही.

मग आम्ही दोघी शिकलो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तो झाडांच्या आंघोळीचा दिवस. संध्याकाळी बादलीत बुडवून ठेवायचं, नंतर खालून धरून उलटं झटकायचं, आणि पंख्याखाली उलटंच वाळवायचं. पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं की झाड आतून कुजतं. सुती दोऱ्यानं बांधलं तरी कुजतं, कारण सूत ओल धरून ठेवतं. म्हणून मासे धरायचा तंगूस आणला. वडिलांनी कारखान्यातून मागावरच्या जुन्या लाकडी कांड्या आणल्या, ज्यांच्यावर सूत गुंडाळलेलं असतं त्या. रिकामी कांडी आडवी टांगायची आणि तिच्यावर झाड तंगुसानं हलकंच बांधायचं. खिडकीच्या गजाला अशी दोन झाडं लटकली आणि आमच्या घरात पहिल्यांदा काहीतरी हिरवं दिसलं.

उन्हाळ्यात वाटलं आता गेली. सोलापूरच्या मे महिन्यात माणसाचे ओठ फुटतात, तिथं हवा पिणाऱ्या झाडानं काय प्यावं? पण आमच्याकडे पत्र्याचा कूलर होता. मैत्रिणीनं झाडं कूलरच्या वाऱ्यात, थोडी बाजूला टांगली. ती ओलसर हवा त्यांना मानवली. जूनमध्ये दोघांच्या बुडाशी पिल्लं धरली.

पिल्लं पाहिली आणि माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं. ज्यांच्याकडे तुळशीपुरती माती नाही त्यांच्यासाठीच हे झाड जन्माला आलंय, असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं. मी एका पानावर लिहिलं: माती नाही? अंगण नाही? तरी झाड तुमचं. खाली नियम. झाड विकायचं नाही. पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झालं की सोडवून अंगण नसलेल्या घराला द्यायचं, आणि त्या घरानं आपलं पहिलं पिल्लू पुढच्या घराला द्यायचं. तांब्याच्या पाण्याबद्दल ठळक अक्षरात. मैत्रिणीला म्हटलं, खाली दोघींची नावं घालू. ती म्हणाली, माझं नको, पत्रकावर नाव पाहिलं तर पप्पा भडकतील. म्हणून खाली माझं एकटीचं नाव गेलं. झेरॉक्स तिनं काढून आणल्या.

गल्लीला ही झाडं आधी चेष्टेची वाटली. खातंय काय ते, असं एकीनं विचारलं तर दुसरी म्हणाली, "काय न्हाय. आमच्या ह्यांच्यासारखंच हाय. नुस्तं लटकतंय आन् हवा खातंय." पण ज्या घरात पिल्लू गेलं त्या घरानं ते जपलं. पाण्याच्या दिवशी हंडे भरून झाले की दारोदार बादल्यांत झाडं बुडालेली दिसायची. दोन-तीन वर्षांत अशी स्थिती आली की गल्लीत शिरलं की खिडक्याखिडक्यांत कांड्या हलताना दिसायच्या. बाहेरून कुणी आलं की बायका माझ्याकडे बोट दाखवायच्या. मला ते आवडायचं, हे लपवत नाही.

समोरच्या घरात एक मावशी राहतात. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. त्या टॉवेलचे काठ शिवतात, घरीच, मशीनवर. तेलुगू घरांत मोठी माणसं मुलींना "अम्मा" म्हणतात, तशा त्या मला अम्मा म्हणतात. पहिलं पिल्लू मी त्यांनाच दिलं होतं. त्यांनी ते मशीनच्या बरोबर वर टांगलं. टॉवेलचा बारीक कापूस उडून पानांवर बसायचा, आणि दर थोड्या वेळानं मावशी मशीन थांबवून, मान वर करून फुंकर मारायच्या. त्यांना बघणाऱ्याला वाटायचं, झाडाशी काही बोलतायत.

हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं. फुलायच्या आधी मधली पानं लाल होतात, मग त्या लालीतून जांभळ्या नळीसारखी फुलं बाहेर येतात. थोडेच दिवस राहतात. पिल्लं एरवीही धरतात, पण फुलल्यावर झाड शेवटची पिल्लं देतं आणि हळूहळू संपतं. मावशींना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून त्या वाट बघत होत्या. गल्लीत फुलणारं पहिलं झाड आपलं असणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्यांचं झाड लाल झालं. मला हाताला धरून नेऊन दाखवलं. एवढंसं झाड, आणि मधोमध निखारा फुंकावा तसा रंग. मावशी म्हणाल्या, मुलाला सांगितलंय, फूल आलं की फोटो पाठवते म्हणून. त्याचं उत्तर आलं होतं की दिवाळीला यायला जमणार नाही, फोटो पाठव.

दुसऱ्याच दिवशी मी टेंभुर्णीला, चातुर्मासातच घाईनं ठरलेल्या आतेबहिणीच्या लग्नाला गेले. हळद, लग्न, मांडवपरतणी, सगळं उरकून आले तेव्हा गल्लीत शिरताना आधी कळेना काय चुकतंय. मग दिसलं. खिडक्यांत कांड्या होत्या, झाडं नव्हती. तंगूस कापून घेतलेला होता.

घरात आल्या आल्या आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. "तूच मागितलीस न्हवं? प्रदर्शनाला," म्हणाली. मैत्रीण आली होती, मोठे खोके घेऊन, एक रिक्षाही होती. घरोघर गेली. सांगितलं की झाडांचं प्रदर्शन आहे, मी मागितलीत, दिवाळीनंतर परत. कुणी काही विचारलं नाही. का विचारतील? उलट आईनं चहा केला आणि खोके भरायला मदत केली. आमच्या घरातलीही गेली. कूलर फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला होता, त्याच्या मागं एक टांगलेलं होतं, तेवढं तिच्या नजरेतून सुटलं.

मी म्हटलं, मी मागितली नव्हती. आई पीठ लागलेले हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली.

आणि मग दारात मावशी आल्या. मी आलेय हे खिडकीतून दिसलं होतं त्यांना. ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, "कवा देतीस अम्मा? लाल झालंय ते. फूल आलं तर मला कसं कळंल?"

मी त्यांनाही तेच सांगितलं, मी मागितलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. "तुझं नाव सांगितलं की गं तिनं," म्हणाल्या, आणि मीच काहीतरी विसरतेय अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

मैत्रिणीनं फोन लगेच उचलला. आवाज आनंदी होता. म्हणाली, नवी पेठेत ये, बघशील तर खूश होशील.

दिवाळीच्या आधीची नवी पेठ. रिक्षा अलीकडेच सोडावी लागली, पुढं माणसांच्या लोंढ्यातून चालत. साड्यांचं एक मोठं दुकान, काचेचं दार, आत थंडगार. छतापासून सोनेरी कड्या सोडलेल्या आणि प्रत्येक कडीत आमच्या गल्लीतलं एक झाड. काही झाडं सोनेरी रंगानं फवारलेली होती, काही चंदेरी. पानापानाला रंग. जे झाड पानांनीच पितं आणि पानांनीच श्वास घेतं त्याचं अंग शेंड्यापासून बुडापर्यंत बंद केलेलं. वरून पिवळे दिवे, इतके तापलेले की खाली उभं राहिलं तर टाळूला चटका जाणवत होता. दाराजवळ एक टोपली होती, तीत लहान पिल्लं, तीही सोनेरी, प्रत्येकाला रेशमी गोंडा. मोठ्या खरेदीवर भेट.

भिंतीवर एक फलक होता. तिच्या नव्या व्यवसायाचं नाव, तिचा फोन नंबर, आणि वर मोठ्या अक्षरांत: माती नाही? अंगण नाही? तरी झाड तुमचं.

माझं वाक्य. खाली माझं नाव नव्हतं. जिथं माझं नाव नको होतं तिथं ते वापरलं, आणि जिथं ते असायला हवं होतं तिथून काढून टाकलं. मला आधी नेमका याचाच राग आला, झाडांचा नंतर.

ती शिडीवर होती, हातात गरम गोंदाची बंदूक. मला पाहून खाली उतरली. मिठी मारायला आली आणि माझा चेहरा बघून थांबली.

बोलणं फार मोठं झालं नाही. ती म्हणाली, पहिली ऑर्डर आहे, अचानक आली, एवढी मोठी झाडं दुसरीकडून आणायची तर वेळच नव्हता. दिवाळीनंतर सगळ्यांना नवी आणून देणार होते. मी विचारलं, रंगवलेली परत देणार होतीस? त्यावर ती म्हणाली, नवी म्हटलं ना.

"मला विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

"हो," ती म्हणाली. नंतर तिचाही आवाज चढला. "पहिली तीन झाडं कुणाची होती? मी आणली होती डब्यातून. तू वाटलीस. गल्लीभर तुझं कौतुक. माझं नाव तरी माहितेय का कुणाला तिथं?"

मी म्हटलं, पत्रकावर नाव घालू म्हटलं होतं, तू नको म्हणालीस. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं: तू त्या बायकांना म्हणाली असतीस की मला हवीत, माझ्या धंद्यासाठी, तर दिली असती का त्यांनी?

"नसती दिली."

तिनं हे अगदी सहज कबूल केलं. आजही ते दोन शब्द मला सगळ्यांत जास्त लागतात. ती आमच्या घरी किती वर्षं जेवली. नावावर वस्तू देण्याची रीत तिनं माझ्या शेजारी बसून पाहिली, तिला ती गोड वाटायची, आपल्या घरच्यांना ती कौतुकानं सांगायची. ती रीत कशी चालते हे तिला बाहेरच्या कुणाहीपेक्षा चांगलं कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच वापरता आली.

मावशींचं झाड दुकानाच्या मधोमध होतं. ते रंगवलेलं नव्हतं, कारण त्याची लाली रंगापेक्षा सुंदर होती. "तो मेन पीस आहे," ती म्हणाली. बुडाशी गोंदाचा कडक गोळा. लालीच्या टोकाला जांभळा ठिपका आला होता.

मी गल्ल्यावर जाऊन दुकानाच्या शेठना सांगितलं की यातलं एक झाड तरी आत्ता परत द्या. ते भले गृहस्थ होते, त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. म्हणाले, "ताई, आम्ही सजावट घेतली. झाड कुणाचं, ते तुमचं तुम्ही आपसात बघा. दिवाळीनंतर सगळं उतरणारच आहे, मग न्या की." दिवाळीनंतर काय उरणार ते मी त्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि एका गिऱ्हाइकाकडे वळले.

मी ते झाड उपटून आणलं नाही. गोंदातून ओढलं असतं तर पानं मागं राहिली असती आणि हातात फूल आलं असतं. दुसरं काही सुचेना म्हणून दुसऱ्या दिवशी मी मावशींनाच तिथं घेऊन गेले.

त्यांनी ठेवणीतली साडी नेसली. दुकानात शिरल्यावर पांढऱ्या गादीवर बसलेल्या माणसानं सवयीनं हात पसरले, या मावशी, बसा, काय दाखवू, इरकल दाखवू का. मावशींनी वर बोट केलं.

"ते दाखव."

तो हसला. म्हणाला, ते शोभेचं आहे, विकायचं नाही.

"इकत कोण मागतंय. माझंच हाय ते."

माझी मैत्रीण गल्ल्याजवळ उभी होती, ती जागची हलली नाही. शेवटी त्या माणसानं, वादाला कंटाळून असेल किंवा मावशींच्या वयाकडे बघून असेल, साड्या काढायचं स्टूल पुढं सरकवलं. मी हात धरला आणि मावशी वर चढल्या. फुलं उमललेली होती. दोन. जांभळी, सरळ, टोकाला पिवळा कण. मावशींनी तोंड जवळ नेऊन फुंकर मारली. तिथं कापूस नव्हता, तरी मारली. मग बोटानं बूड चाचपलं आणि गोंदाचा गोळा लागल्यावर हात काढून घेतला.

"चिकटवलंय," मला म्हणाल्या. मी म्हटलं, हो. फोटो काढू का, मुलाला पाठवायला? त्यांनी वरच्या सोनेरी कड्यांकडे, दिव्यांकडे, खालच्या साड्यांकडे पाहिलं. "नको. माझ्या घरातलं वाटत न्हाय ते," म्हणाल्या आणि उतरल्या.

मैत्रिणीच्या समोरून गेल्या तेव्हा तिनं "मावशी" म्हणून हाक मारली. त्या थांबल्या नाहीत. मला वाटतं, ती तेव्हा रडत होती. मी वळून बघितलं नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

परतताना रिक्षात मावशी मला म्हणाल्या, "तू मागितलंस म्हणून दिलं मी."

"मावशी, मी मागितलं नव्हतं."

"ते कळलं मला आता. पण दिलं ते तुझ्या नावावर की गं. तिच्या न्हाय."



दिवाळीनंतर दुकानातून एका पोत्यात सगळं आलं, तेही शेठनी आठवणीनं पाठवलं म्हणून. आई आणि मी पोतं भुईवर रितं करून त्या झाडांत बसलो. कोळशासारखी चुरा होत होती. मावशींचं झाडही त्यात होतं, फुलं वाळलेली, गोंद तसाच. बुडाशी पिल्लू धरलंय का ते मी बोटानं पुन्हा पुन्हा बघितलं. धरलं नव्हतं. जिथून ते फुटायचं तिथंच गोंद होता.

आणि गल्ली बदलली. आता कुणी दारात येऊन म्हणालं की अमकीनं मागितलंय, तर आतून आवाज येतो, फोन लाव, तिलाच बोलू दे. कुकरसाठी फोन, कात्रीसाठी फोन. माझ्या आईनं शेजारी पातेलं मागायला भाचीला पाठवलं तर ती हात हलवत परत आली. कूलरमागं राहिलेल्या झाडानं नंतर पिल्लू दिलं. ते सोडवण्याएवढं झाल्यावर मी मावशींकडे घेऊन गेले. त्या मशीनवर होत्या. वरचा खिळा रिकामा होता. त्यांनी पाय थांबवला, पिल्लाकडे बघितलं, चांगलं झालंय म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नको अम्मा. तुझ्यापाशीच राहू दे." आणि मशीन सुरू केली.

वडील म्हणाले, लिही. मी विचारलं, तिचं नाव घालू? ते म्हणाले, तिला या कागदावर उत्तर द्यायला जागा नाही, मग नाव कसं घालशील? म्हणून घातलेलं नाही. माझं मात्र आहे, आणि मी त्याच घरात राहते.

तुमच्याकडे एक मागणं आहे. त्या दिवाळीत नवी पेठेतून साड्या घेताना तुम्हाला गोंडा लावलेलं एखादं सोनेरी रोपटं भेट मिळालं असेल, तर ते शोकेसमधून काढा आणि पानं अलगद बाजूला करून मध्ये बघा. आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. बाहेरची रंगलेली पानं कात्रीनं कापा, गोंद असेल तर तासून काढा, नळाच्या साध्या पाण्यात तासभर बुडवा आणि उलटं झटकून वाऱ्यावर टांगा. ते जगलं आणि त्याला पिल्लू आलं, तर ज्या घराला अंगण नाही अशा घरी स्वतः जाऊन द्या, आणि देताना स्वतःचं नाव सांगा. नंतर माझ्या नावानं कुणी ते परत मागायला आलं, कितीही ओळखीचं असलं, तर देऊ नका. मला विचारा.